विहिरीसाठी ठरलेलं इंजिन

भगवंतरावांना त्या जीपचा राग होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. बोरगावच्या शिवारात संत्र्याची एवढी मोठी बाग असलेल्या माणसाच्या मुलाने लष्कराच्या लिलावातली जीप आणावी, तिच्यात डिझेल इंजिन बसवावं आणि वर्षातून एकदा नदीनाल्यांतून, दगडधोंड्यांतून ती पिटाळावी, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. नागपूरचा एक मोटार क्लब दर फेब्रुवारीत ही शर्यत भरवायचा. सौंसरहून सुटायचं, रस्ता सोडून कन्हानची वाळू नि डोंगर तुडवायचे आणि दिवस मावळायच्या आत पांढुर्ण्याला पोचायचं. त्यांच्या मुलाची, विनायकची जीप मागच्या दोन्ही वर्षी तिगावजवळच्या चढावर बंद पडली होती आणि दोन्ही वर्षी तिला बैलांनी ओढत घरी आणलं होतं. बैल भगवंतरावांचे होते, म्हणून लाजही त्यांचीच.

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत त्यांनी बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या देखत मुलाला शेवटचं सांगून टाकलं.

"यंदा जीप आपल्या पायानं पांढुर्ण्याले पोचली तं ठीक. नाही पोचली तं इंजिन माह्या विहिरीवर. उन्हाळ्यात बाग पाणी मागते, शर्यत नाही मागत."

विनायकने मान डोलावली. भगवंतराव असे उतावळे, की त्याच आठवड्यात त्यांनी विहिरीच्या काठावर इंजिनासाठी सिमेंटचा ओटाही बांधून घेतला.

इंजिन खोलायला पांढुर्ण्याचा मोतीराम मिस्त्री आला. वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, आता स्वतःचं दुकान. मिस्त्री म्हणजे तेलकट, गरीब, खाली मान घातलेला, अशी कोणाची समजूत असेल तर मोतीरामने ती पहिल्याच दिवशी मोडली असती. कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, तो खुंटीला टांगायचा, आणि काम सुरू होण्याआधी आपल्या हाताचं कौतुक स्वतःच करून घ्यायचा. "नागपूरपासून इटारशीपर्यंत माह्यासारखा हात दाखवा," म्हणायचा. भगवंतरावांना हा माणूस अजिबात आवडला नाही. हा आपल्या विहिरीच्या इंजिनाची नासाडी करणार, या काळजीने ते, जीप उभी होती त्या गोठ्याशेजारच्या टपऱ्याच्या दारात बाज टाकून पहारा द्यायला बसले.

आणि तिथेच त्यांची गोची झाली. पहारेकऱ्याला मालच आवडायला लागला.

मोतीरामने इंजिन पार हाडांपर्यंत खोललं. धुतलेल्या चादरीवर एकेक भाग क्रमाने मांडला. ज्या घरातलं पिस्टन त्याच घरात परत जाणार, म्हणून प्रत्येकावर खूण केली. चादर ओलांडायला मनकर्णाबाईंच्या मांजरालासुद्धा बंदी. व्हॉल्व घासायला बसला, की दोन्ही तळव्यांत व्हॉल्वची काडी धरून ताक घुसळल्यासारखा फिरवत राहायचा. मग मनकर्णाबाईंकडून कपड्यांची नीळ मागून घ्यायची, तेलात कालवायची, कडेला लावायची आणि व्हॉल्व टेकवून उचलायचा. निळा घेर पुरता उमटला नाही, की पुन्हा घासायला सुरुवात. एका बेअरिंगवर त्याने अख्खी दुपार घालवली. बसवायचं, क्रँक हाताने फिरवायचा, सोडवायचं, उजेडात धरून पाहायचं, जिथे घासल्याची खूण दिसेल तिथे जरासं खरवडायचं, पुन्हा बसवायचं.

"अरे, बस झालं ना आता!" भगवंतराव वैतागले.

"पाटील, तुम्ही संत्र्याले डोळा बांधता तवा कोणी असं म्हटलं तं?"

भगवंतराव वाकून ते बेअरिंग पाहू लागले. डोळा बांधताना साल एवढीशी जास्त कापली गेली तर कलम मरतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आयुष्यभर तेच तर केलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी बाज टपऱ्याच्या दारातून उचलून आत घेतली.

भांडण झालं ते कापसावरून. भगवंतरावांनी हात पुसायला कोठीतला मूठभर कापूस आणला, तर मोतीराम अंगावर खेकसला.

"कापूस दूर ठेवा! तंतू आत गेले तं तेलाची वाट बंद. पुसायले जुनं धुतलेलं धोतरच पाहिजे."

"धोतर काय आभाळातून पडते? ते बी कापसाचंच आहे!"

मोतीराम हसला, आणि ते हसणं भगवंतरावांच्या मनाला लागलं. ज्या कापसावर घर उभं राहिलं, त्याला या माणसाने टपऱ्याबाहेर काढलं होतं.

इंजिन बसलं. नव्याने जोडलेल्या इंजिनाला आधी हळू चालवायचं असतं, म्हणून विनायकने मृग बहाराची संत्री जीपमध्ये भरून पांढुर्ण्याच्या बाजारात न्यायला सुरुवात केली. शर्यतीची गाडी टोपल्या घेऊन बैलगाडीच्या चालीने चाललेली पाहून लोक खिदळायचे. भगवंतराव भाव पाहायचा म्हणून शेजारी बसायचे, पण भाव त्यांनी एकदाही विचारला नाही. डोळे मिटून आवाज ऐकत बसायचे. आवाज एकसारखा, कुठे खोकला नाही, कुठे खडखड नाही. अडत्याला मात्र ते बजावून सांगायचे, "विहिरीसाठी केलं आहे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी मोतीराम आणि विनायक दारांवर नंबर रंगवून घ्यायला सौंसरला गेले. जीपची दारं काढून नेली होती, जीप टपऱ्यात उभी. भगवंतरावांनी मोतीरामसारखी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दोन खुणांच्या मधे होतं. तेवढं पुरतं, हे मोतीरामने सांगितलेलं होतं. पण भरलेलं ते भरलेलं! महिनाभर नुसतं पाहत बसलेल्या माणसाचे हात शिवशिवत होते. त्यांनी नव्या तेलाचा डबा घेतला. तेल गाळून घालावं म्हणून नरसाळ्यात कापसाचा चांगला जाड थर दाबून बसवला. पुसायला नको म्हणाला होता, गाळायला कुठे नको म्हणाला? तेल वरच्या खुणेला लागलं. नरसाळं काढलं तेव्हा थर अर्धाच उरला होता, पण भगवंतराव त्या वेळी स्वतःवर इतके खूश होते, की त्यांनी तो नीट पाहिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोतीरामबरोबर तिगावच्या चढापाशी उभे होते. पंचक्रोशी लोटली होती. चार जिपा धुरळा उडवत वर गेल्या आणि पाचवी विनायकची आली. पहिल्या वळणावर ती अशी चढली, की भगवंतरावांच्या तोंडून आपसूक "वा रे वा!" निघालं. निम्मा चढ झाला. अन् एकाएकी आवाज बंद.

जीप मागे सरकली, विनायकने ब्रेक दाबून ती दगडाला टेकवली.

"तेलाचा काटा पडला, काका," तो खाली येत मोतीरामला म्हणाला. "मी लगेच बंद केलं."

ढकलून जीप सपाटीवर आणली. मोतीरामने घमेल्यात तेल काढलं, खालचं चेंबर उतरवलं आणि आतली जाळी बोटांत धरली. जाळीवर काळपट, ओला, नमद्यासारखा घट्ट लगदा बसला होता. त्याने तो चिमटीत ओढला आणि पांढरे तंतू दिसले.

"कापूस," तो म्हणाला.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "जिनातला मिस्त्री! कापूसच भरन!" हशा पिकला. भगवंतराव वाट पाहत राहिले, की आता हा माणूस फणा काढेल. मोतीराम स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

"माह्याच हातून झालं असन," तो हळू म्हणाला. "वीस वर्षं कापसात काढली. जुनी खोड, भान राह्यलं नसन." मग त्याने एक बेअरिंग सोडवलं, पुसलं, उजेडात धरलं. ते जसंच्या तसं चकाकत होतं. "इंजिन वाचलं पण. पोराने बंद केलं म्हणून वाचलं. भगवंतराव, शर्त तुमची. उद्या उतरवतो, विहिरीवर बसवून देतो. मजुरी नाही घेत."

भगवंतरावांनी मुलाकडे पाहिलं.

"बंद केलं तं इंजिन माह्याकडं जाते, हे तुले ठाऊक होतं. मग रेटलं काहून नाही? वर पोचला असता."

"पोचलो असतो," विनायक म्हणाला. "पण काकाने ते बेअरिंग दुपारभर खरवडलं होतं, बाबा. माह्यानं झालं नाही."

आता फक्त गप्प राहायचं होतं. कोणाला काही कळणार नव्हतं. ओटा तयार होता, बाग तहानलेली होती, आणि दोष घ्यायला माणूस आपणहून पुढे आला होता. पण तो बढाईखोर माणूस मान खाली घालून उभा होता, आणि भगवंतरावांना ते पाहवेना. असा हात त्यांनी जन्मात दुसरा पाहिला नव्हता, आणि तो हात आता स्वतःवरच शंका घेत होता.

"मोतीरामभाऊ!" ते ओरडले, गर्दीला ऐकू जाईल एवढ्याने. "तुमचा हात साफ आहे! तो कापूस माह्या कोठीतला! काल मी तेल घातलं, कापसातून गाळून. म्या केलं हे!"

मोतीरामचा चेहरा लालबुंद झाला. आणि मग त्याने पाटलांची भर लोकांत जी खरडपट्टी काढली, ती सांगायची सोय नाही. अक्कल, वय, खानदान, काही सोडलं नाही. भगवंतरावांनी शब्द न शब्द ऐकून घेतला. मोतीराम थांबला तेव्हा धापा टाकत होता, पण मान पुन्हा वर आली होती.

"चेंबर धुवा," त्याने हुकूम सोडला.

बागायतदार भगवंतराव धुळीत उकिडवे बसले आणि डिझेलने चेंबर धुऊ लागले. जाळी साफ झाली, सगळं परत बसलं, नवं तेल पडलं. विनायकने बटण दाबलं आणि काटा वर चढला. तोवर दिवस मावळला होता. पांढुर्ण्याकडून क्लबचा ट्रक कनात गुंडाळून परतीला निघालेला दिसला.

"शर्त तं हरलो, बाबा," विनायक स्टिअरिंग धरून म्हणाला. "कुठं घेऊ? विहिरीकडं?"

भगवंतराव जीपमध्ये चढले. तेलाचे हात कुठे पुसावेत ते कळेना, म्हणून तसेच मांडीवर ठेवले.

"मोतीरामभाऊच्या दुकानात घे," ते म्हणाले. "बाकीचे बेअरिंग बी खोलून पाहू दे त्याइले. मले झोप नाही येणार."

मोतीराम मागे चढत होता. तो थबकला.

"अन् विहिरीचं काय?"

"ओटा आहे," भगवंतराव म्हणाले. "बसून राहीन त्याच्यावर. तुम्ही चढा."