सिस्टरच्या आवाजाचा रंग

नेरिसने चोरून औषध खाल्लं, अशी डॉक्टर प्रोबर्टची खात्रीच पटली होती.

मी ग्वेनो, कार्डिफच्या या वॉर्डातली नर्स. उदास माणसांना मशरूममधलं औषध देऊन बघायचा अभ्यास आमच्याकडे चालतो. औषध उतरलं की पेशंट फॉर्म भरतो: आवाजाला रंग दिसला का? शून्य ते शंभर. नेरिस दोन वर्षांपासून आमच्याकडे मानसोपचार शिकणारी पोर, या विषयाने नुसती झपाटलेली. सोमवारी पहिल्यांदाच ती पेशंटजवळ बसणार होती. त्याआधी सराव म्हणून आम्ही सगळ्यांनी फॉर्म भरला, नुसता चहा पिऊन. सगळ्यांचं शून्य. हिचे एक्क्याण्णव!

"गोळ्या मोजा!" डॉक्टर गरजले. मी दोनदा मोजल्या. एकही कमी नाही.

नेरिस रडकुंडीला आली. "मला वाटलं, रंग सगळ्यांनाच दिसतात. फॉर्म नीट वाचला का, ते बघायला हा प्रश्न घातलाय."

"अगं बाई! मग माझा आवाज कसला?"

"मोहरीसारखा पिवळा. ओरडलात की जरा करपलेला."

हसून हसून माझं पोट दुखलं. डॉक्टर मात्र हसेनात. "जिला रोजच असं दिसतं, ती पेशंटला काय सांभाळणार? सोमवारी बाहेर बस."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच फिरलं. "आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, तरी आपण बसतोच ना तिथे?"

डॉक्टरांनी हात झटकला. "बसू दे. पण तोंड उघडायचं नाही."

सोमवारी एम्लिन आजोबा आले, जन्मभर बस चालवलेले. डॉक्टर कोपऱ्यात बसून बघत होते. औषध चढलं तसा त्यांनी माझा हात गच्च धरला. "सिस्टर, बोलू नका! तुमचा आवाज निळा झालाय. मला वेड लागलं!"

आता आली का पंचाईत! धीर द्यायचा, तर बोलावं लागणार.

नेरिस पुढे सरकली. "निळा? काहीतरीच काय, आजोबा! पिवळा आहे."

"निळा!"

"दोन वर्षं ऐकतेय मी. पिवळाच."

"अगं, धडधडीत निळा!" आजोबांनी माझा हात सोडला, भांडायला दोन्ही हात लागतात ना. "सिस्टर, बोला हो काहीतरी, हिला दाखवतोच!"

मला दुसरं काही सुचेना, म्हणून बसचे थांबे म्हणत सुटले. आजोबा माझ्या चुका काढत खदाखदा हसत होते.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी घसा खाकरला. "नेरिस, उद्याही तूच बस." मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "आणि माझा कोणता गं?"