नऊ नंबरच्या सहा ओळी

"मत द्यायच्या दिवशी या गावात एक जरी माणूस नऊ नंबर न समजता गेला ना, तर मी माझं नाव बदलीन!" चर्चच्या तळघरात कॉफीच्या पिंपाशेजारी उभं राहून आर्डिस टॉलेफसनने ठणकावून सांगितलं.

"नऊ म्हणजे कुठलं गं? कुत्र्यांचं का?" ड्वेन प्रिबिलने विचारलं.

कुत्र्यांचं चार नंबर होतं. आणि ड्वेन कोणी रस्त्यावरचा माणूस नव्हता, मतदार मंडळाचा चिटणीस होता. अकराच्या अकरा दुरुस्त्यांचा कागद त्यानेच टाइप केला होता.

आर्डिसने डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना तिने हेच केलं होतं. फरक इतकाच की तेव्हा समोरची पोरं बारा वर्षांची असायची.

गोष्ट अशी होती. ऑर्लिन गावाची सनद, म्हणजे गावाने आपला कारभार कसा चालवायचा त्याचं पुस्तक, शंभर वर्षांची झाली होती. नगराध्यक्ष कर्बी स्टोलने जाहीर केलं की पुस्तकावर धूळ फार साचलीय, जरा झाडू मारू. अकरा दुरुस्त्या काढल्या. एकीत खजिनदाराचं पदनाम बदललं, एकीत घोडे बांधायच्या जागेचा उल्लेख काढला, एकीत कुत्र्यांचे परवाने. आणि नवव्या नंबरला, अगदी सोवळ्यात बसवल्यासारखं, लिहिलं होतं: 'कलम चौदा. कालबाह्य मजकूर. वगळावे.'

कलम चौदात एकच वाक्य होतं. तळ्याचा उत्तर किनारा लोकांचं मत घेतल्याशिवाय कोणालाही विकता किंवा भाड्याने देता येणार नाही.

त्या किनाऱ्यावर आर्डिसने गावातल्या निम्म्या लोकांना पोहायला शिकवलं होतं. कर्बीलाही. तो पाण्याला इतका भ्यायचा की तिसऱ्या दिवशी तिच्या मानेला मिठी मारून बसला, तो सुटेचना. बर्फ वितळल्यापासून ते पुन्हा पडेपर्यंत ती रोज सकाळी तिथेच पोहायची. आता तिथे मिनियापोलिसची कुठलीशी कंपनी काचेच्या बाल्कन्यांची घरं बांधणार असल्याची कुजबुज होती. कर्बीला विचारलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "बाई, अजून काहीच ठरलेलं नाही."

"काहीच ठरलेलं नाही तर कलम काढतोस कशाला मेल्या?" हे आर्डिस त्याला म्हणाली नाही. मिनेसोटात असं तोंडावर म्हणत नाहीत. ती म्हणाली, "हं. वेगळंच आहे." तिकडे याच्यापुढची शिवी नाही.

तर हे सगळं गावाला समजावून सांगायचं काम ऑर्लिन मतदार मंडळाचं. मंडळात सहा बायका आणि ड्वेन, अध्यक्ष आर्डिस. पन्नास वर्षं हे लोक निवडणुकीआधी पत्रक काढत आले होते आणि पन्नास वर्षांत कोणाची बाजू घेतली नव्हती, याचा त्यांना भलता अभिमान. नियम लोखंडी होते. प्रत्येक मुद्द्याला सहा ओळी बाजूने, सहा ओळी विरोधात. सगळ्यांत ज्येष्ठ सभासद मार्व्हा स्कोगेन पट्टी घेऊन बसायची आणि मोजायची. एकदा शाळेच्या छपराच्या मुद्द्यावर विरोधाची बाजू अर्ध्या ओळीने लांब निघाली, तर तिने अख्खा गठ्ठा परत छापायला लावला होता.

आणि एखाद्या बाजूने मजकूर पाठवलाच नाही, तर तो मंडळाने लिहायचा.

कर्बीने पाठवला नाही. दोनदा मागितला, दोनदा म्हणाला, "तुम्हीच लिहा की, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

"लबाड!" आर्डिस म्हणाली. "त्याला सांगण्यासारखं काही नाहीच. मग नऊ नंबरला बाजूने कोरी जागा सोडा. लोकांना कळेल."

"कोरी जागा म्हणजे बाजू घेणं झालं," मार्व्हा म्हणाली. "चिठ्ठ्या टाकू."

नियमच होता. कोण काय लिहिणार ते चिठ्ठीने ठरायचं, म्हणजे मनातलं कागदावर उतरत नाही. आणि चिठ्ठी बदलायची नाही. चिठ्ठ्या रिकाम्या कॅसरोलच्या भांड्यात घातल्या. आर्डिसने हात घातला, चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा असा झाला की ड्वेनने पुढे होऊन खुर्ची सरकवली.

'नऊ. बाजूने.'

"मी हे लिहिणार नाही."

"चिठ्ठी बदलायची नाही हा नियम कोणी आणला होता?" मार्व्हाने शांतपणे विचारलं. "सत्त्याऐंशी साली?"

आर्डिसनेच आणला होता. भांडून आणला होता.

विरोधाची चिठ्ठी ड्वेनला निघाली. "काळजी करू नकोस गं," तो म्हणाला. "मी असा ठोकतो की बघ. तू आपलं वाईट लिही."

हे आर्डिसलाही पटलं होतं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने वाईट लिहायला सुरुवात केली. पहिलं वाक्य लुळंपांगळं लिहिलं आणि वाचून बघितलं. असं वाक्य लिहिणाऱ्या पोरांना तिने तीन तीनदा परत लिहायला लावलं होतं. तिने ते थोडं सरळ केलं. मग सरळ वाक्यापुढे दुसरं वाकडं बसेना, म्हणून तेही सरळ केलं. मग मध्ये एक मुद्दा लागायला लागला. हात थांबेचना. स्वतःवर चरफडत, दात खात तिने सहा ओळी पूर्ण केल्या, आणि त्या तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सहा ओळी निघाल्या.

"जे आपण कधी विकणारच नाही, ते विकू नये म्हणून स्वतःच्या हातात बेड्या कशाला? आपल्या आजोबांचा आपल्यावर विश्वास नव्हता. आपला आपल्यावर आहे..." अशी सुरुवात होती, आणि पुढे पुढे ते चढतच जात होतं. तिने ते फाडलं. पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा आणखी चांगलं झालं.

ड्वेन आयुष्यभर जमिनी मोजायचं काम करून निवृत्त झालेला. त्याने विरोधात लिहिलं: "उत्तर किनारा म्हणजे गट क्रमांक सात, गावठाणाच्या लोखंडी खुंटीपासून पूर्वेला चारशे बारा फूट सात इंच..." खुंटीपासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून परत खुंटीपर्यंत येता येता पाच ओळी संपल्या. सहावी अशी होती: "कलम गेल्यास वरील जागा विकता येईल." ड्वेनला ते घणाघाती वाटलं. त्याने खाली दोन रेघा मारल्या होत्या. मार्व्हाने त्या बाजू घेतल्यासारख्या दिसतात म्हणून खोडल्या.

पत्रक वाचून दाखवायच्या सभेला सत्तर माणसं आली. ऑर्लिनमध्ये एवढी माणसं फक्त मयताला जमतात. लिंबाच्या वड्या होत्या, कॉफी होती. ज्याने जे लिहिलं ते त्यानेच वाचायचं, हाही नियम. ड्वेनने आपला किनारा मोजून दाखवला. पुढच्या रांगेतले एक आजोबा दुसऱ्या फुटाशीच झोपले.

मग आर्डिस उठली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आवाज फाटत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. ते सगळं निव्वळ रागाने. तिने एकेक शब्द तोंडावर फेकून मारावा तसा वाचला. "आपल्या आजोबांचा आपल्यावर विश्वास नव्हता!" ती कर्बीकडे बघून ओरडली. "आपला! आपल्यावर! आहे!"

आणि टाळ्या सुरू झाल्या. ऑर्लिनची माणसं चर्चच्या तळघरात टाळ्या वाजवत नाहीत, त्यामुळे कुठे थांबायचं ते कोणालाच कळेना.

"मी हे मानतच नाही!" आर्डिस टाळ्यांवरून ओरडली. "मला चिठ्ठी निघाली म्हणून..."

"आर्डिस," मार्व्हा म्हणाली. "पदाधिकाऱ्याने मत सांगायचं नाही."

कर्बी वडी खात जवळ आला. "बाई, मला जन्मात असं जमलं नसतं. माझ्यावर इतका विश्वास दाखवलात."

"तुला बुडू द्यायला हवं होतं मी," आर्डिस म्हणाली.

तो मोठ्याने हसला आणि सगळ्यांना म्हणाला, "बाईंचा विनोद पहिल्यापासून असाच!"

दुसऱ्या दिवशी त्याने त्या सहा ओळी गावच्या रेडिओवर वाचल्या. नियमाप्रमाणे ड्वेनच्याही वाचल्या. ड्वेनच्या वाचताना मध्येच जाहिरात लागली.

आर्डिसने त्याच दिवशी राजीनामा लिहिला. "आता मला कोण गप्प करतं बघते," म्हणत तो मार्व्हाच्या हातात कोंबला. मार्व्हाने चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "पुढच्या बैठकीत मंजूर करू. तोपर्यंत तू अध्यक्षच आहेस."

"बैठक कधी आहे?"

"मतदान झाल्यावर गुरुवारी."

"मार्व्हा, अगं तो किनारा जाणार! पट्टीने मोजून जाणार!"

"मलाही कळतंय ते," मार्व्हा म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "मी काय दगड आहे? पण आज तू आपल्या बाजूने नियम मोडलास, तर उद्या कर्बीही मोडेल."

"तो कशाला मोडेल? त्याला पुरतायत ते!"

मग आर्डिसने नियमांना लाथ मारली आणि दारोदार निघाली. मतदानाला पाच दिवस उरले होते. थंडी पडलेली, नाक लाल, हातात मूळ कलम चौदाची प्रत. प्रत्येक दारात तेच.

"नऊ नंबरला नाही म्हणा," ती सांगायची.

"पण बाई, तुम्हीच तर इतकं सुंदर सांगितलंत त्या दिवशी! आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"ते खोटं होतं!"

"हो का? हं." मग, "आत या ना, केक आहे."

कोणी वाद घातला असता तर बरं झालं असतं. वाद कोणी घालेचना. सगळे मान डोलवायचे, तिला कॉफी पाजायचे आणि दार लावून घेतल्यावर बाई हल्ली थकल्यात असं म्हणायचे. एका म्हातारीने तर आर्डिसच्या मुलीला फोन करून कळवलं की आईकडे लक्ष दे, ती स्वतःशीच भांडत फिरतेय. त्रेचाळीस घरं झाली. आर्डिसच्या पोटात त्रेचाळीस कप कॉफी, आणि मत बदलल्याचं कबूल करणारा एकच माणूस. तो शेजारच्या गावचा निघाला. बहिणीकडे आला होता.

मंगळवारी निकाल लागला. अकरापैकी दहा दुरुस्त्या पडल्या. लोकांना त्या नीट कळल्या नव्हत्या आणि न कळलेल्याला हो म्हणायचं नाही असं शहाण्या माणसांनी ठरवलं होतं. घोडे बांधायची जागा तशीच राहिली. एकच दुरुस्ती दणक्यात मंजूर झाली.

गुरुवारी मंडळाने आर्डिसचा राजीनामा एकमताने मंजूर केला आणि पत्रक यंदा फारच परिणामकारक झाल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव घेतला. ड्वेनने तो टाइप केला. टाइप करताना तो रडला.

कर्बीने मार्चमध्ये कंपनीच्या कागदांवर सह्या केल्या. आर्डिसने नगरपालिकेत जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटला, इतक्या जोरात की मनगट मुरगळलं. "विकणार नव्हतास ना?"

"विकला कुठे बाई? नव्व्याण्णव वर्षांच्या भाड्याने दिलाय," कर्बी म्हणाला, आणि स्वतः उठून तिच्यासाठी बर्फाची पिशवी घेऊन आला.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी आर्डिस नेहमीसारखी पोहायला गेली. ती तळ्याच्या मध्यावर असताना कंपनीच्या माणसांनी किनाऱ्याला जाळीचं कुंपण घालायचं काम संपवलं, फाटकाला कुलूप लावलं आणि ते जेवायला गेले. किल्ली मिनियापोलिसला होती. आत अडकलेल्या आर्डिसने ओल्या अंगाने पोलिसांना फोन केला. वीस मिनिटांनी एक हवालदार आला. तोही तिचाच विद्यार्थी. त्याने कुंपणाच्या आत सापडल्याबद्दल तिच्या नावाची दंडाची पावती लिहिली आणि गुंडाळी करून जाळीतून आत दिली. ती वाऱ्याने उडून तळ्यात पडली. त्याने दुसरी लिहिली.