मागचं पायदान

यमाजीने आरसा भोकात बसवून पाना फिरवला. पेच धरेना. त्याने जोर लावला, तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि पाना खाली ठेवला.

"स्वस्तातली गाडी. आरसं पन चुकीचं दिलंय."

सून कविता सीटवरचं प्लास्टिक सोलत होती. तिने उठून दोन्ही आरसे आलटून-पालटून लावले. लगेच बसले. डावा-उजवा ओळखायला मागे अक्षरं होती, बारीक का होईना. मग ती पुन्हा प्लास्टिक सोलू लागली.

शहापूरहून टेम्पो येऊन स्कूटर अंगणात उतरली तेव्हापासून तो तिला नावं ठेवत होता. लग्न होऊन आल्यापासून कविता त्याच्या जुन्या मोपेडवर मागे बसून आसनगाव स्टेशनला जायची. मुलगा, नितीन, भातसानगरला धरणावर पाळीत अडकलेला. कविता कल्याणला औषधाच्या दुकानात कामाला होती; वाटेत तिथल्या गमती सांगायची, आणि म्हाताऱ्याला त्या दिवसभर पुरायच्या.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं त्याने घरात कळू दिलं नव्हतं. पण झाकली मूठ किती दिवस झाकायची? दिवाळीत ओढ्याजवळच्या वळणावर म्हैस आडवी आली, ती त्याला दिसली थेट हँडलपाशी. कविताने घरी अवाक्षर काढलं नाही. गुपचूप गाडी शिकली, लायसन काढलं, पगारातून ही स्कूटर घेतली. आणि गाडी येईपर्यंत मुकाट मागे बसत राहिली. ते वळण जवळ आलं, की उगाच खोकायची, आणि त्याचा हात ब्रेककडे जायचा.

यमाजीने सीटवर बसून आरसे आपल्या उंचीला लावले.

"बस गो, बघ जरा."

कविता बसली. आरशात मागचा रस्ता दिसावा म्हणून तिने मान उंच केली, पण आरशाला हात लावला नाही. यमाजीने ती ताणलेली मान पाहिली. मग पुढे होऊन दोन्ही आरसे खाली झुकवले.

"आता?"

"दिसतंय, बाबा."

त्याची बायको जनाबाई हळदकुंकू आणि लिंबं घेऊन आली. लिंबावरून जो पहिल्यांदा गाडी नेईल त्याची ती गाडी, अशी त्यांच्याकडची रीत.

"बसा तुमी," ती नवऱ्याला म्हणाली.

कविताने मान खाली घातली. यमाजीने दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली.

"तीच नेल."

मग वाकून मागची दोन्ही पायदानं त्याने दुमडली. "एकटीला कशाला पायजेत उघडी?"

लिंबं फुटली. तुळशीला वळसा घालून कविता परत त्याच्यासमोर थांबली, खाली उतरली आणि पायदानं पुन्हा उघडली.

"मुरबाडला बाजाराला जायचंय. मला भाव करता येत नाय."

मागच्या बाजारात तिने एका कांदेवालीशी इतकी घासाघीस केली होती, की त्या बाईने शेवटी हात जोडले. यमाजी तेव्हा शेजारीच पिशवी धरून उभा होता.

"पोरीला कायच येत नाय," जनाबाईला सांगत तो मागे बसला.

गाडी रस्त्याला लागली. कविता दुकानातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगू लागली.

ओढ्याजवळचं वळण आलं, तेव्हा यमाजी खोकला.