तीन ते चारचा तास

धाकट्याचं निम्मं आयुष्य सह्या करण्यात गेलं होतं. लिफ्ट दुरुस्त करायला कुठल्याही इमारतीत जा, आधी वही पुढे सरकणार: नाव, वेळ, सही. त्यामुळे चर्चच्या बाजूच्या आराधनेच्या खोलीबाहेर टेबलावर वही दिसली, तेव्हा गड्यानं डोकं चालवलंच नाही. गुरुवार, तीन ते चार या रकान्यात नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, झोकात सही ठोकली आणि आत जाऊन बसला. बाप्तिस्मा घेऊन जेमतेम महिना झाला होता. कधी उभं राहायचं, कधी गुडघा टेकायचा, सगळाच गोंधळ. वही तेवढी ओळखीची वाटली.

पुढच्या गुरुवारी सव्वातीनला फोन वाजला.

"कुठे आहात तुम्ही?" दोनच्या तासाला बसणाऱ्या टीचरबाई होत्या. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आवाज मात्र अजून वर्गातच होता. "तीनचा तास तुमचा. तुम्ही आल्याशिवाय मी उठू कशी?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. ती हजेरीची वही नव्हतीच. एकदा नाव घातलं की तो तास वर्षभर तुमच्या गळ्यात. आत वेदीवर किरणांचं सोनेरी पात्र ठेवलेलं असतं, त्याच्या मधोमध काचेआड पांढरी, पातळ भाकर. ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्त, असं शिकवणीत फादरनी त्याला समजावलं होतं. ते पात्र दर्शनाला उघडं ठेवलं की समोर एक तरी माणूस बसलेलं हवं, हे समजावायचं मात्र राहून गेलं होतं.

'बाई, चुकून सही झाली हो,' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण त्याला एक मागणं मागायचं होतं आणि घरी, कामावर कुठेच ते मागायला जागा नव्हती. म्हणून गेला. मग दर गुरुवारी जात राहिला.

मागणं दादाचं होतं. दादा बारा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर धाकट्याला त्यानंच वाढवलं, त्यानंच हातात पाना दिला. आणि बाप्तिस्म्याचं कळलं त्या दिवसापासून दादानं त्याच्याशी बोलणं टाकलं. घरचे देव सोडले म्हणून हा राग, अशी धाकट्याची खात्रीच होती. दुकान एक, टेबल एक, दोन खुर्च्यांत चार फुटांचं अंतर, आणि सगळं बोलणं वहिनींमार्फत. वहिनी फोनवर येणाऱ्या तक्रारी लिहून घ्यायच्या.

"त्याला सांग, दोराला ग्रीस हवंय."

"वहिनी, दादाला सांगा, सकाळीच लावलं."

"मी काय टपालखातं आहे?" वहिनी म्हणायच्या. "दोघांनाही बहिरेपण आलंय का?"

असे सहा महिने गेले.

त्या खोलीत सुरुवातीला त्याची फार पंचाईत झाली. पुस्तकातल्या प्रार्थना वाचून दहा मिनिटांत संपायच्या. उरलेला वेळ करायचं काय? पंख्याचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे कळलं, तेही एके दिवशी बदलून झालं. मग नुसता बसू लागला. दादा बोलू दे, एवढंच म्हणायचा. पण मागता मागता दादाची एकेक गोष्ट आठवायची. अबोला धरलाय, तरी डब्यातली मोठी वाटणी अजून आपल्याकडेच सरकवतो. आपण वरच्या मजल्यावर काम करत असलो की खाली मान वर करून उभा राहतो. असा भाऊ मिळायला आपण काय पुण्य केलं होतं? रडगाणं गायला आलेला माणूस देवाचे आभार मानून उठायचा. याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं, आणि बरंही वाटायचं.

एका गुरुवारी चारच्या तासाला बसणारा बेकरीवाला आलाच नाही. चार वाजून गेले, सव्वाचार झाले. खोलीत धाकटा एकटाच. फोन, टीचरबाईंच्या हुकुमाप्रमाणे, स्कूटरच्या डिकीत.

दार उघडलं आणि आत दादा आला. धापा टाकत सरळ बाकापाशी येऊन उभा राहिला.

"फोन का उचलत नाहीस?"

सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य!

"बँकेच्या मागची आठ मजली इमारत. लिफ्ट मधेच अडकलीय, आत तिघं आहेत. एक बाई पोटुशी आहे. तुझी वहिनी म्हणाली, तू इथे सापडशील. चल, ऊठ."

लिफ्ट हातानं खाली घ्यायची तर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायला हवं. आठ मजले आणि वर लोखंडी शिडी. दादाचे गुडघे दोन मजल्यांतच बोलायला लागायचे. जायला धाकट्यालाच हवं होतं. तो उठला, दोन पावलं गेला आणि थबकला.

"काय झालं?"

"माझ्या जागी कुणी आलं नाहीये, दादा." तो कुजबुजला. "हे उघडं आहे. उघडं असताना एकटं सोडून जायचं नसतं."

हे ऐकून दादा भडकणार असं त्याला वाटलं. पण दादानं वेदीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. या धंद्यात लिफ्टचं दार काढून ठेवलं आणि खाली खड्डा उघडा असला, की एक माणूस तिथं उभा राहतो. तहान लागो, पाय दुखोत, दुसरा येऊन उभा राहिल्याशिवाय तो हलत नाही. धाकट्याला हे दादानंच कान पिरगाळून शिकवलं होतं.

"तू पळ," दादा म्हणाला. "मी आहे इथे."

"तुला चालेल?"

"तिघं अडकलेत तिथे. निघ म्हणतो ना."

आणि दादा त्याच्या जागेवर बसला.

गच्चीवर ब्रेक सोडून चाक हळूहळू फिरवत धाकट्यानं लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आणली. रखवालदारानं तिथलं दार उघडलं. तिघंही सुखरूप बाहेर आले. पोटुशी बाई घामानं भिजली होती, पण हसत होती. धाकटा मागच्या पावली परत निघाला. खोलीत शिरला तेव्हा सहा वाजायला आले होते.

बेकरीवाला पहिल्या बाकावर गुडघे टेकून होता. दादा मागच्या बाकावर, चष्मा हातात धरून, ताठ बसलेला.

"हे केव्हा आले?" धाकट्यानं हळूच विचारलं.

"बराच वेळ झाला. जा म्हणाले मला."

"मग?"

"माझ्यावर तू सोपवलं होतंस. त्यांना काय विचारायचं?" दादानं चष्मा घातला. "माणसं?"

"तिघंही ठीक आहेत."

दादानं मान हलवली. दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले. दादा गुडघा चोळत राहिला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "मला ते रंगाच्या दुकानदाराकडून कळलं. तुमच्या भावानं धर्म बदलला म्हणे. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मला काहीच माहीत नव्हतं. मी उगाच हसलो."

"देव सोडले म्हणून रागावलास असं मला वाटलं."

"तुझे देव तू बघ. तुला मी वाढवलं, आणि एवढी मोठी गोष्ट तू मला सोडून जगाला सांगितलीस."

"घाबरलो होतो, दादा. तू नाही म्हणशील म्हणून. चुकलं माझं."

धाकट्याला रडूही येत होतं आणि मन भरूनही आलं होतं. देवा, तुझे उपकार कसे फेडू, एवढंच तो मनात म्हणत होता.

"दीड तास बसलो आत," दादा म्हणाला. "मला काही दिसलं नाही बाबा. पण ते गृहस्थ जा म्हणाले, तरी उठवेना." तो धाकट्याकडे वळून बसला. "आता मला सांग. पहिल्यापासून सांग, घाई करू नकोस."

धाकट्यानं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.