टोमॅटोला आधार देणारी बंदुकीची नळी

मी बंदुकीची नळी बोलतेय, दक्षिण डकोटातल्या एका टोमॅटोच्या वाफ्यातून. माझी दया येत असेल तर ती तुमच्याजवळच ठेवा. मला सूड हवा होता, आणि तो मिळाला.

मला घडवून घेतलं माझ्या मालकाच्या, व्हर्लिनच्या, वडिलांनी. माझ्या पोटातल्या पिळदार खाचांतून जाताना गोळी चौदा इंचांत एक गिरकी घेते, म्हणून कारागिराने माझ्या अंगावर १४ हा आकडा ठोकला. नेमका तो लाकडी दस्त्याखाली झाकला गेला. एवढ्या सावकाश गिरकीला आखूड, हलकी, पातळ सालीची गोळीच मानवते. म्हातारा तीच घालायचा. कुरणात बिळं करणारे प्रेअरी डॉग, खारीच्या जातीचे ते गुबगुबीत प्राणी, मी वीस वर्षं टिपले. त्यांच्या बिळात पाय अडकला की घोडा कामातून जातो.

म्हातारा गेला आणि मेहुणा ओरिन व्हर्लिनच्या कानाला लागला.

"दाजी, कसल्या या शेंगदाण्याएवढ्या गोळ्या! लांब, जड घ्या. वारा कापत जातात."

लांब गोळीला जोरात गिरकी लागते. ती मी कुठून आणू? गोळ्या कोलांट्या खात सुटल्या आणि निशाणाच्या कागदावर आडव्या आदळल्या.

"नळी गेली तुमची," ओरिन हसला. "आता टोमॅटोला आधार द्यायला ठेवा."

आमच्याकडे बाद नळीची ही नेहमीची थट्टा. व्हर्लिनने ती खरी केली. आठ इंचांत गिरकी देणारी नवी नळी बसवली आणि माझ्याकडे नीट न पाहताच मला वाफ्यात ठोकलं. मी तिथूनच शाप दिला, फुटो तुझी प्रत्येक गोळी!

आणि फुटली! लांब गोळ्या माझ्यावर चिडून झाडण्यातच संपल्या होत्या, म्हणून त्याने वडिलांच्या उरलेल्या आखूड गोळ्या नव्या नळीत घातल्या. एवढी जोराची गिरकी त्यांच्या पातळ सालीला कशी सोसणार? वाटेतच भुगा, हवेत नुसता राखाडी धूर. प्रेअरी डॉग मागच्या पायांवर उभे राहून मजा बघायचे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

उन्हाळा सरेपर्यंत बिळं क्लोव्हरच्या कुरणात पोचली. क्लोव्हर म्हणजे व्हर्लिनच्या बायकोची, आर्डिसची, लाडकी घोडी. एका सकाळी तिचा पुढचा पाय मोडला. व्हर्लिननेच तिला गोळी घातली. इतक्या जवळून नवी नळीही चुकली नाही.

त्याच आठवड्यात रोपं बांधताना आर्डिसला माझा आकडा दिसला. "व्हर्लिन, हा चौदा कसला?"

तो मातीत बसला. चिंधी लावलेली सळई माझ्यातून सरकवून त्याने गिरकी मोजली. सळई बरोबर चौदा इंचांत एकदा फिरली.

"नळी चांगली होती गं. मीच चुकीच्या गोळ्या घातल्या, हिच्यात आणि त्या नवीतही. थांब, हिला काढतो. घासूनपुसून परत बसवतो."

"हात लावू नकोस," आर्डिस म्हणाली. "क्लोव्हर परत येणारे? मग हीपण नाही. रोज पाणी घालायला तू यायचं, आणि तो आकडा वाचायचा."

तो रोज येतो. पाणी घालतो, आकडा वाचतो आणि पुटपुटतो, "चुकलो."

मी त्याला माफ करत नाही. क्लोव्हर आठवली की 'मीही चुकले' असं माझ्याही ओठांवर येतं. पण त्याच्यासमोर? गंजून मातीत मिळेन, म्हणणार नाही.