दोन लेकरांचा वाडगा

“पोरीनं दोन घास टाकले त का आभाळ कोसळून राहिलं? तिच्या वाडग्याची पहारेकरीन झाली मी!”

पोरीची फुफी, म्हणजे आत्या, रामकलीबाई राखेनं मला घासता घासता कुरकुरत होत्या. अगदी हळू. त्या घरात ही गोष्ट मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. त्यामुळे ऐकलं ते फक्त मी.

मित्रांनो, मी एक जुना काशाचा वाडगा आहे. देश स्वतंत्र झाला त्या साली भंडाऱ्याच्या एका कासारानं मला ओतलं, ठोकून गोल केलं. आमगावच्या बाजारात मला शालीकराम पटले यांनी उचललं. ते धानाचे शेतकरी, कमी बोलणारे. त्यांच्या हिरालालला, म्हणजे हिराला, पहिला भात भरवायचा होता. मी खरं तर मोठ्या माणसाच्या मापाचा. पण दुकानदार म्हणाला, “लेकरू वाढंल ना गा! लहान वाडगा कायले नेता?” मायबापांना ते पटलं. लेकराच्या पोटाचं माप कोणी घेतलं नाही, लाडाचं मात्र घेतलं.

हिरा तीन वर्षांचा झाला आणि ऐन धानाच्या रोवणीत त्याला ताप भरला. त्याची आई सुखवंता माझ्यात पेज घेऊन चार दिवस उशाशी बसली. तो तोंड फिरवायचा. पेजेवर साय धरायची, ती काढून पुन्हा गरम पेज ओतायची. पाचव्या दिवशी मला भरलेलंच उचलून नेलं. नंतर मी माळ्यावर गेलो. आणि हिराचं नाव घरातून माझ्याही आधी गेलं. कोणी घेईचना.

दोन वर्षांनी नंदा झाली. तिच्या पहिल्या भाताला सुखवंतानं मला खाली उतरवलं, चिंचेनं उजळवलं आणि देवापुढे नवस बोलली : पोर पाच वर्षांची होईपर्यंत या वाडग्यात उष्टं उरणार नाही. पाच पुरी झाली की पोरीला गुळानं जोखीन.

गावात पोरं गुळानं जोखण्याचे नवस पुष्कळ होते. वाडग्याचा नवस हिचाच.

मित्रांनो, पहिली दोन-तीन वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुणे माझा चाटूनपुसून साफ तळ बघत आणि म्हणत, “वा! पोरगी जेवते बाप्पा!” मी फुशारून जायचो. आता सांगताना लाज वाटते. कारण तो तळ कसा दिसायचा ते मला ठाऊक होतं. पोट भरलं की नंदा ओठ मिटायची. मग “चिमणी बघ, गाय बघ” करत घास आत जायचा. नाहीच गेला तर लाईचा लाडू कबूल व्हायचा. रडली तरी लाडू. पडली तरी लाडूच. आणि दरवेळी तिचं इवलंसं बोट माझा काठ हळूच पुढे ढकलायचं. एवढी साधी खूण मला, भांड्याला, कळत होती.

पाचव्या वर्षी नंदा बांधावरून चार पावलं चालली की धापा टाकायची. मांड्या घासून सोलायच्या. झोपेत घोरायची. पोरं लपाछपी खेळत तेव्हा ती ओट्यावर बसून राज्य कोणावर आलं ते सांगायची. शालीकराम हे बघत आणि नांगराकडे निघून जात.

नवस फिटायचा दिवस आला. धान जोखायच्या काट्यात नंदाला बसवलं. दुसऱ्या पारड्यात आणलेला सगळा गूळ चढला, तरी नंदाचं पारडं भुईवरच. लोक हसले, टाळ्या पिटल्या. मुन्नालाल दुकानदार धावत जाऊन आणखी एक ढेप घेऊन आला.

नंदा उतरली आणि आईच्या लुगड्याला धरून म्हणाली, “माय, सरला ना नवस? आता मी उरवू?”

“हो व माये, सरला.”

त्या सांजेला मी पुन्हा काठोकाठ भरलो. नवस सरला होता. भीती सरली नव्हती.

त्याच महिन्यात देवीची लस टोचायला नर्सबाई आल्या. नंदाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिचा श्वास ऐकला, मग माझ्याकडे पाहिलं. “हा हिचा वाडगा? अहो बाई, काय वाढायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू द्या. आणि रडली की लाडू नका देऊ, कडेवर घ्या. नाहीतर हा दम वाढतच जाईल.” सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला काही लागत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात एखादा वाडगा येईल. लहानासा घ्या. लेकरानं तोंड फिरवलं की बाजूला ठेवा. भरल्या पोटाचं ऐकायला मोठं काळीज लागतं, आणि भ्यालेल्या माणसाजवळ तेवढंच नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदानं अर्धा वाडगा खाल्ला आणि ओठ मिटले.

“एक घास फुफीचा,” सुखवंता म्हणाली. तो गेला. “एक बाबाचा.” तोही गेला. पुढच्या घासाला नंदानं तोंड उघडलं, पण डोळ्यांतून पाणी माझ्यात, भातावर पडलं. चुलीजवळ रामकलीबाईंचा हात थांबला.

शालीकराम समोरच जेवत होते. त्यांनी उष्ट्या हातानंच मला ओढून घेतलं.

“द्या इकडे,” सुखवंता म्हणाली. “टाकलं पोरीनं त...”

“टाकलं त का होईल?”

तिचा हात पुढेच होता, घासासकट.

“सुखवंता,” ते म्हणाले, “आपला हिरा तापानं गेला. उपाशी राहून नाही गेला.”