पोटात अडकलेला दाणा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसणं जमत नाही. कोणी दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, शेजारी कोणी जोरात शिंकलं, की माझा आकडा लगेच थरथरतो. पण मी तरी काय करू? मी बटाटे-कांदे तोलत नाही. मी काडतुसात भरायची दारू तोलतो. तिचं माप ग्रेनमध्ये असतं. एका ग्रॅममध्ये पंधराहून जास्त ग्रेन मावतात, आणि मला ग्रेनचाही दहावा हिस्सा ओळखावा लागतो. एवढं नाजूक अंग घेऊन जन्मलेल्याला झोप कुठून येणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझ्या तबकात पहिल्यांदा वजन ठेवलं. मी बरोबर आकडा दाखवला तेव्हा ती हसली आणि तिने मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते थेट अमेरिकेतल्या मोंटानात, ओरिनच्या तळघरात.

ओरिन चाळीस वर्षं गावच्या गव्हाच्या कोठारावर तोलार होता. गव्हाने भरलेले ट्रक तोलायचा. निवृत्त झाल्यावर ट्रक गेले आणि माझ्यासारखा तळहाताएवढा काटा समोर आला. इथे लोक उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाहीत. ती धुतात, घासतात, पुन्हा दारू तोलून भरतात, वर नवी गोळी बसवतात. हिवाळाभर हेच चालतं. त्याच तळघरात दुसऱ्या भिंतीला त्याची बायको लिओटा हिचं कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र होतं. तबकात वीज साठली की माझा आकडा पळतो, म्हणून ओरिन तिच्या वाळवणाच्या यंत्रातले सुवासिक कागद चोरायचा आणि त्यांनी मला पुसायचा. दारू तोलणारा मी, पण अंगाला वास लव्हेंडरचा!

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची होती. रविवारी प्रार्थना संपली की कॉफी पिताना ओरिन सगळ्यांना माझ्याविषयी सांगायचा. त्याचा आधीचा दांडीचा काटा लोकरी मोज्यात गुंडाळून खणात गेला होता. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा गर्व झाला होता. ना बॅटरी, ना दिवा, नुसती एक दांडी आणि तिला एक टोक. ह्या म्हाताऱ्याला आता कोण विचारतो, असं मला वाटायचं.

मग वर्षं सरली. माझ्यावर धूळ बसली, एक बटण दाबलं की दबूनच राहू लागलं. ओरिनचे हात कापू लागले. दारू सांडायची, आणि मऊ ब्रश हाताशी असूनही तो 'फू' करून फुंकर मारायचा. ही खोड मला कधीच आवडली नाही. फुंकरीने दाणे जातात खरे, पण कुठे जातात हे कोण बघतो?

आता मुख्य गोष्ट सांगतो. इथे डोंगरातल्या रानमेंढ्याच्या शिकारीसाठी सरकारी सोडत निघते. हजारो नावं, परवाने मूठभर. ओरिन सव्वीस वर्षं नाव घालत होता. त्याचा मेहुणा क्लेटन दरवर्षी म्हणायचा की तुझं नाव निघेल तेव्हा तुला आणि मेंढ्याला, दोघांनाही दात नसतील. आणि यंदा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ओरिनचं नाव निघालं! पत्र हातात घेऊन तो पायरीवरच बसला. ही संधी पुन्हा येणार नव्हती. शनिवारी पहाटे निघायचं होतं आणि काडतुसं अजून भरायची होती.

मंगळवारी दारू सांडली. ओरिनने फुंकर मारली. जिऱ्याहून बारीक असा एक काळा दाणा माझ्या तबकाखालच्या फटीत शिरला आणि आत अडकला.

मित्रांनो, तबक वजनाने खाली दबतं तेव्हा मला वजन कळतं. आता दाणा खालून टेका देऊ लागला. थोडं वजन तो पेलायचा, उरलेलं माझ्यापर्यंत यायचं. दाणा हलला की आकडाही हलायचा. माझा जीव कासावीस झाला. मी वर-खाली, वर-खाली आकडे दाखवत राहिलो. मला बोलता येत नाही, धडपड तेवढी करता येते.

ओरिनने उपाय सुरू केले. टेबल सपाट आहे का पाहिलं. वाऱ्याने होत असेल म्हणून लिओटाचं यंत्र बंद केलं. तिच्या ओल्या पँटी तशाच राहिल्या. सुवासिक कागदाने मला पुसलं. ट्यूबलाइटनेही असे काटे बिघडतात म्हणून ती विझवून पाहिली. नव्या बॅटऱ्या घातल्या. प्रमाण वजन कुठेतरी हरवलं होतं, म्हणून एकशे ऐंशी ग्रेनची नवी गोळी तबकात ठेवली. मी एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवले. कोणालाही शंका यावी. पण ह्या लोकांना ठाऊक असतं की कारखान्याच्या गोळ्याही कमी-जास्त निघतात. ओरिनने गोळ्यांनाच नावं ठेवली आणि खोकं सरकवून दिलं.

तेवढ्यात तो दाणा सरकून घट्ट बसला आणि माझा आकडा थांबला. ओरिन खूश झाला. बॅटरीच होती, असं त्याने वर ओरडून सांगितलं. मी मात्र आतून हादरलो होतो. डळमळणारा आकडा निदान शंका तरी आणतो. ठामपणे खोटं बोलणारा आकडा फार वाईट, आणि आता तो मीच होतो. मी छप्पन्न दाखवत होतो आणि पुंगळीत अठ्ठावन्न जात होते. ओरिन आधीच दारू सुरक्षित मर्यादेच्या अगदी काठावर भरणारा. वर आणखी दोन ग्रेन म्हणजे बंदूक मागच्या बाजूने फुटू शकते, आणि तिथे बंदुकीला टेकलेला गाल असतो, डोळा असतो. एक झालं, दोन झाली, वीस झाली. मला कोणीतरी उचलून आपटावं असं वाटत होतं.

एकोणचाळिसाव्या काडतुसाला लिओटा टॉवेलांच्या घड्या घालायला खाली आली. ओरिनने काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा ओढून पुंगळीत गोळी दाबली. लिओटा थबकली.

"ओरिन, हे कचकचतंय कशाने?"

जास्तीची दारू गोळीखाली भरडली जात होती, पण ओरिनचा उजवा कान बंदुकीच्या आवाजांनी कधीच गेला होता. "काय कचकचतंय? मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला कुठलं येणार. मिरी भरडल्यासारखं वाजतंय. गेली तीस वर्षं मी इथे कपडे धुतेय, असं कधी वाजलं नव्हतं."

तो म्हणाला की काटा एकदम ठीक आहे, गोळ्या तेवढ्या हलक्या निघाल्यात.

"नाचता येईना, अंगण वाकडं," लिओटा म्हणाली. "अरे, चाळीस वर्षं ट्रकचा काटा दरवर्षी तपासून घेतलास. तपासणारा एक दिवस उशिरा आला तर फाटक उघडत नव्हतास. आणि आता चेहरा तुझा स्वतःचा आहे, तर चालतंय होय?"

ओरिन उठला. खण उघडून त्याने मोज्यातून दांडीचा काटा काढला. मी ज्याला हसलो होतो तोच. चाळिसाव्या पुंगळीसाठी मी तोललेली दारू त्याने त्याच्या तबकात ओतली. दांडी हळूहळू वर गेली आणि टोक रेषेच्या वरच राहिलं. वजनं सरकवत सरकवत अठ्ठावन्नावर नेली तेव्हा कुठे ते रेषेवर आलं. ओरिनच्या कपाळावर घाम आला. लिओटाने हातातला टॉवेल त्याला दिला.

मग तिनेच चष्मा लावला. माझं तबक काढलं, खालची चकती उचलली, मला पांढऱ्या कागदावर उपडं केलं आणि मऊ ब्रश फटीतून फिरवला. टप्. एवढासा काळा दाणा कागदावर पडला. काय सांगू, कितीतरी वेळाने मी मोकळा श्वास घेतला! आता तीच गोळी ठेवली तेव्हा मी एकशे ऐंशी दाखवले.

पुढचे दोन दिवस ओरिन एकेक काडतूस हातोडीसारख्या अवजारात घालून जमिनीवर ठोकत होता, गोळी पुंगळीतून निघून यायची, दारू परत डब्यात. एकोणचाळीस वेळा. क्लेटन येऊन म्हणाला की तू शिकारीला निघालास की घराचा पाया खणायला? त्यावर ओरिन नुसता हसला. मग त्याने सगळी नव्याने भरली, प्रत्येक माप आधी माझ्यावर आणि मग दांडीच्या काट्यावर तोलून. शनिवारी पहाटे त्याची गाडी गेली.

नऊ दिवस मी काय अवस्थेत काढले, विचारू नका. तेवढ्या दिवसांत लिओटाने धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. दहाव्या दिवशी वर दार वाजलं. ओरिन खाली आला, दाढी वाढलेली, नाक उन्हाने सोललेलं. लिओटाने मेंढ्याचं विचारलंच नाही. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दिव्याकडे वळवला, आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा.

"मिळाला गं," तो म्हणाला. "एकाच गोळीत."

"ते नंतर सांग," ती म्हणाली आणि त्याचा गाल सोडेना.

आता मी आणि दांडीचा म्हातारा शेजारी बसतो. तो दाणा लिओटाने चिकटपट्टीने माझ्या झाकणावर लावून ठेवला आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी असेल, ज्याच्या आकड्यावर तुम्ही डोळे मिटून विसंबता. त्याला फुंकर मारू नका, ब्रशने पुसा, आणि अधूनमधून त्याचा आकडा दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट त्या रात्री आम्हाला झोप लागते.